कानाची शीळ

माझ्या नातीच्या जन्माच्या दुसऱ्या दिवशी दुपारी एक ऑडिओलॉजिस्ट मुलगी मोबाइलपेक्षा थोडे मोठे यंत्र हातात घेऊन खोलीत आली. तिने पंखा बंद करायला लावला, आम्हा सगळ्यांना गप्प बसवले आणि झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ रबरी टोक असलेला एक लहानसा प्रोब बसवला. बाळाने मान वळवावी, दचकावे किंवा डोळे मिचकावावेत अशी कोणतीच अपेक्षा नव्हती. ते जितके गाढ झोपेल तितके बरे, असे तिचे म्हणणे होते. उजव्या कानाला मिनिटभरही लागले नाही आणि यंत्राच्या पडद्यावर ‘पास’ असे उमटले. डाव्या कानावर तीनदा प्रयत्न झाला आणि तिन्ही वेळा ‘रेफर’ असे आले. ‘पंधरा दिवसांनी पुन्हा आणा,’ एवढे सांगून ती पुढच्या खोलीत गेली, आणि आमच्या खोलीत त्यानंतर बराच वेळ कोणी धड बोलले नाही.

मी पॉलिटेक्निकमध्ये तेहेतीस वर्षे इलेक्ट्रॉनिक्स शिकवले आणि त्यातली निम्मी वर्षे मोजमापाच्या साधनांवर घालवली. त्यामुळे काळजीच्या खालोखाल माझ्या मनात एक प्रश्न होता. बाळाच्या डोक्याला एकही इलेक्ट्रोड लावलेला नव्हता आणि त्याच्याकडून कोणताही प्रतिसाद घेतलेला नव्हता. मग त्याला ऐकू येते की नाही, हे त्या यंत्राला कळले कसे? जावयाने डिस्चार्जच्या कागदांत पाहिले तेव्हा तेथे ‘ओएई’ अशी तीन अक्षरे सापडली. त्यांचे पूर्ण रूप ओटोअकूस्टिक एमिशन्स, म्हणजे कानातून बाहेर पडणारे ध्वनी. त्या यंत्राने बाळाला काही ऐकवले होते हे खरे, पण त्याचे मुख्य काम ऐकवण्याचे नव्हते. बाळाच्या कानातून उलट बाहेर येणारा आवाज ते ऐकत होते.

कान आवाज करतो, हे मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळले. पण ज्या विचारातून हे प्रथम सुचले तो विचार मला शाळेपासून ओळखीचा होता, आणि म्हणून या विषयाने मला पुढचे काही महिने सोडले नाही.

नववीत असताना मी सांगलीला एका व्हॉल्व्हचा रिजनरेटिव्ह रेडिओ बांधला होता. त्यातली युक्ती अशी, की व्हॉल्व्हने वाढवलेल्या संदेशाचा थोडासा भाग योग्य तालात पुन्हा आत सोडायचा. वेटोळ्यातल्या तारेचा विरोध जी ऊर्जा खाऊन टाकतो ती अशी भरून निघते, आणि एकाच व्हॉल्व्हवर दूरची केंद्रे स्वच्छ, एकमेकांपासून वेगळी ऐकू येतात. मात्र परत सोडलेला भाग जरा जास्त झाला, की संच स्वतःच शीळ घालू लागतो आणि ती शीळ एरियलमधून बाहेर पडते. शेजारच्या काकांच्या रेडिओ सिलोनवर ती बुधवारी रात्री उमटली, तेव्हा ते भिंतीवर काठी आपटत. मांडवात माईक कर्ण्यासमोर आला की होणारी किंचाळी हाच प्रकार आहे. ऐकणारे यंत्र फार तीक्ष्ण केले की ते बोलायला लागते, हे रेडिओ बांधणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

हेच टॉमस गोल्ड या तरुणाला १९४८ साली केंब्रिजमध्ये कानाविषयी सुचले. गोल्डचा जन्म व्हिएन्नाचा. युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिशांनी त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून छावणीत ठेवले आणि नंतर त्यालाच आरमारासाठी रडारच्या कामावर घेतले. हर्मन बाँडी आणि फ्रेड हॉयल यांच्याबरोबर विश्वाच्या स्थिर-स्थिती सिद्धांतामुळे ज्याचे नाव झाले आणि पुढे पल्सार म्हणजे फिरणारे न्यूट्रॉन तारे होत असे ज्याने सांगितले, तो हाच गोल्ड. युद्धानंतर तो प्राणिशास्त्रज्ञ आर. जे. पम्फ्री यांच्याबरोबर श्रवणाचा अभ्यास करू लागला, आणि तेथे त्याला एक हिशेब जुळेना.

आपला कान दोन जवळजवळच्या सुरांमधला फरक फार बारकाईने ओळखतो. इतके बारीक वेगळेपण दाखवणारी कोणतीही कंपन पावणारी वस्तू, एकदा छेडल्यावर बराच वेळ कंप पावत राहिली पाहिजे. तंबोऱ्याची तार राहते तशी. परंतु अंतर्कर्णातली शंखासारखी वळलेली नळी, म्हणजे कॉक्लिया, द्रवाने भरलेली आहे. तंबोरा पाण्यात बुडवून छेडला तर जे होईल तेच तिथल्या सूक्ष्म पडद्याचे व्हायला हवे. कंपन उमटता उमटताच विरून जायला हवे. गोल्डने असा निष्कर्ष काढला, की द्रवाच्या चिकटपणात खर्च होणारी ऊर्जा कान स्वतः, जिवंत पेशींच्या जोरावर, क्षणोक्षणी भरून काढत असला पाहिजे, अगदी रिजनरेटिव्ह रेडिओसारखी. त्यावरून पुढचे भाकीत आपोआपच निघते: कुठेतरी ही भरपाई जरा जास्त झाली, तर कान शीळ घालील आणि ती बाहेर मायक्रोफोनने पकडता यावी. गोल्डने तसा प्रयत्न करूनही पाहिला. त्या काळचे मायक्रोफोन तितके संवेदनशील नव्हते आणि त्याच्या हाती काही लागले नाही. कानाच्या अभ्यासकांनी त्याची कल्पना बाजूला ठेवली आणि तोही खगोलशास्त्राकडे वळला.

बाजूला ठेवण्याला कारणही होते, आणि ते गेऑर्ग फॉन बेकेशी यांच्या कामात होते. बुडापेस्टमध्ये टपाल खात्याच्या टेलिफोन प्रयोगशाळेत काम करताना बेकेशींनी मृतांच्या कानांतली कॉक्लिया उघडून, स्ट्रोबोस्कोपच्या लुकलुकत्या प्रकाशात, आतल्या पडद्यावरून सरकत जाणारी लाट प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिली होती. उंच स्वरांची लाट नळीच्या तोंडाशी शिगेला पोहोचते आणि खर्जाच्या स्वरांची लाट टोकापर्यंत जाऊन मग शिगेला पोहोचते, हा त्यांचा शोध आजही टिकून आहे, आणि १९६१ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्यांनी पाहिलेली लाट पसरट आणि बोथट होती. तीत गोल्डला हवी असलेली धार कुठेच नव्हती. ती दिसावी म्हणून कानठळ्या बसवणारा आवाज द्यावा लागे, आणि मुख्य म्हणजे ते कान मेलेले होते. आज हे वाचताना आपल्याला वाटते, की बॅटरी काढलेल्या रेडिओवर प्रयोग करून तो आवाज वाढवत नाही असे म्हणण्यासारखे हे झाले. पण हे म्हणणे आज सोपे आहे. १९७१ साली विल्यम ऱ्होड यांनी जिवंत माकडांच्या कॉक्लियात तो पडदा मोजला आणि हलक्या आवाजाला तो प्रमाणाबाहेर जास्त हलतो असे दाखवले, तेव्हाही अनेकांचा विश्वास बसला नव्हता.

मग लंडनमध्ये ग्रेज इन रोडवरच्या नाक, कान, घशाच्या जुन्या रुग्णालयात डेव्हिड केम्प नावाचा भौतिकशास्त्रज्ञ या विषयाकडे आला. त्याचे आधीचे काम विजांमुळे पृथ्वीचा पृष्ठभाग आणि आयनांबर, म्हणजे वातावरणाचा विद्युत्‌भारित वरचा थर, यांच्यामधल्या पोकळीत घुमणाऱ्या अत्यंत कमी वारंवारतेच्या रेडिओलहरींवर होते. म्हणजे एका टोकाला खट्‌कन काही झाले असता बंद पोकळीतून परत काय येते, हे वाचण्याची सवय त्याच्या हाताला होती. मला यात योगायोगापेक्षा जास्त काही दिसते. कानाच्या डॉक्टरांनी शतकभर कानात आवाज सोडला होता, पण आवाज सोडून झाल्यावर तिथेच थांबून ऐकत राहावे असे वाटायला रेडिओवालाच लागला. गोल्डही त्याच जातकुळीचा होता.

केम्पने कानाच्या नळीत एक स्पीकर आणि एक मायक्रोफोन बसवून ती बंद केली, जेमतेम ऐकू येईल असा ‘टक्’ आवाज सोडला आणि पुढच्या काही मिलिसेकंदांत नळीत काय होते याची नोंद घेतली. येथे एक छोटा हिशेब उपयोगी पडतो. कानाची नळी अडीच सेंटिमीटर लांब असते; कानाच्या पडद्यावर आपटून परत यायला आवाजाला एक मिलिसेकंदाचा जेमतेम सहावा भाग पुरतो. म्हणजे साधा पडसाद असेल तर तो लगेच यायला हवा आणि लगेच संपायला हवा. मात्र केम्पला पाच मिलिसेकंद उलटल्यानंतर, सगळे शांत व्हायला हवे त्या वेळी, एक बारीक, रेंगाळणारे कंपन सापडले. पाच मिलिसेकंदांत आवाज हवेत सुमारे पावणेदोन मीटर जातो. एवढी लांब वाट डोक्यात कुठे असणार? ती लांबी नव्हेच. कॉक्लियाच्या आत लाट अतिशय सावकाश चालते, त्या चालीचा हा वेळ होता. उंच स्वरांचा भाग आधी परत येत होता आणि खालच्या स्वरांचा मागाहून, आणि बेकेशींच्या नकाशाप्रमाणे ते तसेच व्हायला हवे होते, कारण खालच्या स्वरांना नळीत खोलवर जाऊन यावे लागते.

हे निरीक्षण केम्पने १९७८ साली अमेरिकेच्या अकूस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यातल्या दोन गोष्टी मला निर्णायक वाटतात. तपासलेल्या प्रत्येक निरोगी कानात हे कंपन होते आणि अंतर्कर्णाच्या दोषामुळे बहिऱ्या झालेल्या कानांत ते नव्हते. शिवाय सोडलेला आवाज दुप्पट केला तर परत येणारा आवाज दुप्पट होत नव्हता. तो लवकरच एका मर्यादेशी अडत होता. निर्जीव भिंतीवरून येणारा पडसाद असा वागत नाही. म्हणून त्याला ‘केम्पचा प्रतिध्वनी’ म्हणण्याची जी पद्धत काही काळ पडली ती मला दिशाभूल करणारी वाटते. प्रतिध्वनीत भिंत स्वतःचे काही घालत नाही, आणि इथे तर ज्याने काही घातले त्याचाच शोध लागला होता.

ते घालणारे कोण, हे पुढच्या वीसएक वर्षांत उलगडले. कॉक्लियाच्या आत, तिच्या सुमारे ३५ मिलिमीटर लांबीच्या पडद्यावर, केशपेशींच्या, म्हणजे टोकाला केसांसारखे तंतू असलेल्या पेशींच्या, रांगा असतात. आतल्या बाजूला एक रांग, त्यात सुमारे साडेतीन हजार पेशी. बाहेरच्या बाजूला बहुधा तीन रांगा, त्यांत सुमारे बारा हजार. गंमत अशी, की मेंदूकडे आवाजाची बातमी नेणारे बहुतेक सगळे चेतातंतू, शंभरातले पंचाण्णव, आतल्या एकाच रांगेपासून निघतात. मग बाहेरच्या बारा हजार पेशी करतात तरी काय? विल्यम ब्राउनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिनीव्हात त्यातली एक पेशी वेगळी काढून तिला विजेचा सूक्ष्म धक्का दिला, तेव्हा ती आखूड झाली. विद्युत्‌दाब उलटा केला तेव्हा लांब झाली. हे १९८५ साली प्रसिद्ध झाले. जोनाथन ॲशमोर यांनी गिनीपिगच्या अशाच एका पेशीला रॉक संगीताचा विद्युत्‌संदेश दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती तालावर नाचताना चित्रित केली. ती चित्रफीत आजही विद्यार्थ्यांना दाखवतात, आणि मीही ती माझ्या जावयाला दोनदा दाखवली आहे. या हालचालीमागचे प्रथिन २००० साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात पीटर डॅलॉस यांच्या गटाला सापडले. त्याचे नाव त्यांनी संगीतातल्या ‘प्रेस्टो’, म्हणजे द्रुत लय, या शब्दावरून प्रेस्टिन असे ठेवले. ज्या उंदरांत हे प्रथिन तयार होत नाही, त्यांना ऐकू यायला चाळीस ते साठ डेसिबल जास्त आवाज लागतो.

चाळीस डेसिबल म्हणजे दाबाच्या मोजमापात शंभरपट आणि साठ म्हणजे हजारपट. गोल्डने १९४८ साली कागदावर मांडलेला ॲम्प्लिफायर तो हा. तो दोन्ही बाजूंनी थोडा गळतो, आणि ती गळती कॉक्लियातून रिकीब, ऐरण, हातोडी अशी उलट वाट चालत कानाच्या पडद्यापर्यंत येते, पडदा हलवते आणि नळीतल्या हवेत आवाज उमटवते. ऐकण्यासाठी या आवाजाचा काहीही उपयोग नाही. तो कान कामावर असल्याचा पुरावा तेवढा आहे. गिरणीजवळून जाताना आतले काही न पाहता जात्याच्या घरघरीवरून ती चालू आहे हे कळावे, तसा.

नातीच्या तपासणीनंतर महिनाभराने माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीने मी एका ऑडिओलॉजिस्टबाईंकडे स्वतःचे कान मोजून घेतले. बाई उत्साही होत्या. त्यांनी पडदा माझ्याकडे फिरवून ठेवला आणि ‘काका, हलू नका आणि गिळूही नका’ अशी ताकीद दिली. येथे दुसरी पद्धत होती. त्यात ‘टक्’ आवाजाऐवजी दोन शुद्ध सूर एकाच वेळी सोडतात आणि वरचा सूर खालच्याच्या सुमारे १.२२ पट ठेवतात. उदाहरणार्थ ३२८० आणि ४००० हर्ट्झ. ॲम्प्लिफायर जिवंत असेल तर तो या दोन सुरांत स्वतःचा एक तिसरा सूर मिसळतो, खालच्या सुराच्या दुपटीतून वरचा वजा केला असता येणारा. या उदाहरणात २५६० हर्ट्झचा. हा सूर स्पीकरने सोडलेलाच नसतो. तो मायक्रोफोनला सापडला तर तो कानातच तयार झालेला असतो.

ज्यांना गाण्याची सवय आहे त्यांच्यासाठी हे प्रमाण ओळखीचे आहे. शुद्ध प्रमाणात षड्जाच्या १.२ पट म्हणजे कोमल गांधार. षड्ज आणि कोमल गांधार एकत्र वाजवले, तर हाच हिशेब षड्जाच्या ०.८ पट सूर देतो, म्हणजे मंद्र सप्तकातला कोमल धैवत. यंत्र कोमल गांधारापेक्षा किंचित चढा सूर लावते, म्हणून त्याचा तिसरा सूर त्या धैवतापेक्षा जरा उतरतो. दोन सुरांतून न वाजवलेला तिसरा ऐकू येतो, हे संगीतकारांना फार पूर्वीपासून माहीत होते. इटलीतला व्हायोलिनवादक टार्टिनी याने आपल्याला असा सूर १७१४ साली सापडल्याचे लिहून ठेवले आहे, तो मात्र दोन सुरांच्या साध्या वजाबाकीचा होता. माझ्या पत्नीने चाळीस वर्षे गाणे शिकवले. ही वजाबाकी सांगितल्यावर तिने शांतपणे हार्मोनियम पुढे ओढून दोन पट्ट्या दाबल्या आणि आपल्याला असे काही ऐकू येत नाही, असा निकाल दिला. तिचे बरोबर असावे. हार्मोनियमच्या पट्ट्यांत इतके उपस्वर असतात की त्यांत हा बारीक सूर शोधणे कठीण.

माझा आलेख १००० हर्ट्झपासून ३००० पर्यंत ठीक होता, ४००० ला वाकला आणि ६००० च्या पुढे तिसरा सूर खोलीतल्या गोंगाटात बुडाला. माझ्या वयाला हे साजेसेच आहे, असे बाई म्हणाल्या. नळीच्या तोंडाशी असलेल्या, उंच स्वर सांभाळणाऱ्या बाहेरच्या केशपेशी सगळ्यांत आधी मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. कारखान्यातला गोंगाट, फटाके आणि काही औषधे त्यांनाच आधी गाठतात. जेंटामायसिन, अमिकासिन, टीबीवर एके काळी महिनोन्‌महिने दिली जाणारी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने, कर्करोगावरचे सिसप्लॅटिन, ही त्या यादीतली ठळक नावे. अशा उपचारांत ही चाचणी अधूनमधून केली, तर रुग्णाला स्वतःला काही जाणवण्याआधी पुष्कळदा आलेख खचू लागलेला दिसतो आणि डॉक्टरांना मात्रेचा फेरविचार करता येतो. माझ्या मते या चाचणीचा नवजात बाळांखालोखाल सगळ्यांत मोलाचा उपयोग हा आहे, आणि त्याचीच चर्चा सगळ्यांत कमी होते.

गोल्डची शीळ? ती आहे. काहीही न सोडता, नुसता मायक्रोफोन ठेवून पुरेसा वेळ ऐकले, तर निम्म्याहून अधिक निरोगी कानांत एक किंवा अनेक सूर आपोआप, अखंड वाजताना सापडतात. बहुतेक १००० ते २००० हर्ट्झच्या आसपास आणि इतके हलके, की कानाच्या मालकालाही ते ऐकू येत नाहीत. स्त्रियांत ते पुरुषांपेक्षा जास्त वेळा आढळतात आणि उजव्या कानात डाव्यापेक्षा. प्रत्येक कानाचे सूर वेगळे असतात आणि वर्षानुवर्षे जवळपास तेच राहतात. ॲस्पिरिनच्या मोठ्या मात्रेने ते बंद पडतात आणि औषध थांबवले की परत येतात. १९८४ साली हे दाखवले गेले तेव्हा कारण कळले नव्हते, आता कळते, कारण ॲस्पिरिनमधले सॅलिसिलेट थेट प्रेस्टिनच्या कामात अडथळा आणते. कानात सतत आवाज येण्याची तक्रार असलेल्या अनेकांना हे वाचून वाटते, की आपल्याला ऐकू येणारी शीळ हीच असणार. अगदी थोड्यांच्या बाबतीत ते खरे असते. एरवी त्या तक्रारीचे मूळ दुसरीकडे असते आणि मायक्रोफोनला तिथे काहीच सापडत नाही.

आता त्या ‘पास’ आणि ‘रेफर’ या शब्दांविषयी, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. नातीच्या कागदावर ते दोन शब्द होते आणि त्यांचा अर्थ सांगणारी एक ओळही नव्हती. आमच्या घरात ‘रेफर’चा अर्थ बहिरेपण असा घेतला गेला. वास्तविक त्याचा अर्थ पुन्हा तपासा, एवढाच. पहिल्या एक-दोन दिवसांत बाळाच्या कानाच्या नळीत गर्भातला पांढरा चिकट लेप राहिलेला असतो आणि मध्यकर्णात द्रव असू शकतो. बाहेर येणारा आवाज मुळातच इतका क्षीण, की एवढा अडथळा त्याला पुरतो. त्यातून खोलीतला गोंगाट. यंत्र एकच ‘टक्’ शेकडो वेळा सोडून उत्तरांची सरासरी काढते, कारण खरा संदेश दर वेळी सारखाच येतो आणि गोंगाट दर वेळी वेगळा. २५६ वेळा सरासरी काढली तर गोंगाट सोळापट कमी होतो. पण बाळ कुरकुरले, मध्येच कोणी दार आपटले, तर तेवढ्याने भागत नाही. जन्मतः कायमचा श्रवणदोष हजारात एक ते तीन बाळांना असतो. पहिल्या चाचणीत ‘रेफर’ येणाऱ्यांची संख्या त्याच्या कित्येक पट असते. दोन वाक्यांत हे कोणी सांगितले असते, तर माझ्या मुलीच्या बाळंतपणाचे पहिले दोन आठवडे वेगळे गेले असते.

उलट चूक मला जास्त गंभीर वाटते. ‘पास’चा अर्थ ऐकू येते असा लोक घेतात, आणि तो तसा नाही. चाचणीने एवढेच सिद्ध होते, की बाहेरच्या केशपेशींचा ॲम्प्लिफायर चालू आहे आणि मधली वाट मोकळी आहे. बातमी पुढे नेणारी आतली रांग, तिथून निघणारा चेतातंतू आणि मेंदू यांच्याविषयी ती एक अक्षरही सांगत नाही. काही बाळांत, विशेषतः खूप अपुऱ्या दिवसांची, जन्मताना प्राणवायू कमी पडलेली किंवा काविळीत बिलिरुबिन फार वाढलेली बाळे असतील तर, कॉक्लियातून आवाज उत्तम येतो आणि मेंदूकडे जाणारा संदेश मात्र विस्कटलेला असतो. म्हणून नवजात अतिदक्षता विभागातल्या बाळांना नुसत्या ओएईवर न सोडता, डोक्याला इलेक्ट्रोड लावून केली जाणारी बेरा चाचणी करावी लागते. मोठ्या माणसांतही असे काही घडत असावे. २००९ साली शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना मोठा गोंगाट ऐकवला. काही दिवसांत त्यांच्या कानातून येणारे आवाज पूर्ववत झाले, पण आतल्या केशपेशी आणि चेतातंतू यांच्यातले बरेच सांधे कायमचे गेलेले होते.

एवढ्या मर्यादा मान्य करूनही, ही चाचणी प्रत्येक बाळाची व्हावी असेच माझे मत आहे. महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचार, असा दंडक जगभर मानला जातो, कारण भाषा ऐकून उमजण्याचे मेंदूचे काम तोवर जोरात सुरू झालेले असते. आपल्याकडे बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ च्या सुमारास सुरू झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली पालघरला झाला आणि त्यातल्या तीस आजारांच्या यादीत जन्मजात बहिरेपणा आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून या क्षेत्रात माणसे तयार करते आहे. तरीही पुष्कळ प्रसूतिगृहांत टाळी वाजवून किंवा ताटली आपटून बाळ दचकते का ते पाहण्यावर अजून भागवले जाते. त्या परीक्षेत एका कानाने बहिरे बाळ सहज उत्तीर्ण होते, आणि ताटलीच्या हवेच्या झोताने किंवा खाटेच्या हादऱ्याने दचकलेले बाळही.

नातीची दुसरी चाचणी सतराव्या दिवशी झाली. या वेळी मी त्या मुलीला, नुसता निकाल न दाखवता लाटेचा आलेख दाखवाल का, असे विचारले. तिला नवल वाटले, पण तिने यंत्र संगणकाला जोडले. सरासरी दोन वेगळ्या गटांत काढून दोन लाटा एकमेकींवर काढलेल्या असतात. गोंगाट असेल तर त्या जुळत नाहीत आणि कानाचा आवाज असेल तर एकीवर एक बसतात. सुरुवातीला दोन्ही रेषा वेड्यावाकड्या होत्या. मग हळूहळू, साधारण शंभर-दीडशे टकटकीनंतर, पाच मिलिसेकंदांच्या पुढे त्या जुळू लागल्या, आधी बारीक दाट लाटा आणि मागून रुंद, आणि खाली डाव्या कानासमोर ‘पास’ आले. माझ्या मुलीने श्वास सोडला तो मी पाठमोरा असूनही मला ऐकू आला. नवजात बाळाची कानाची नळी लहान असल्याने त्याचा आवाज मोठ्या माणसापेक्षा बराच जोरकस मोजला जातो, आणि नातीच्या लाटेची उंची पाहून मला माझ्या आलेखाची थोडी लाज वाटली. उजव्या कानाचाही आलेख पाहावा म्हणून मी विनंती केली. प्रोब बसवेपर्यंत नात जागी झाली, तिने तोंड उघडले, आणि पडद्यावरची गोंगाटाची पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाल झाली.